भंडाऱ्याच्या हॉटेलात नेलेला भात

भंडारा रोड नावाच्या स्टेशनवर उतरलं की समोर भंडारा दिसावं, अशी कोणाही सरळ माणसाची अपेक्षा असते. मी जळगावहून अंग अवघडून, दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकवून सकाळी तिथे उतरले, तर समोर एक चहाची टपरी आणि झाडाखाली दोन-तीन सायकलरिक्षा. भंडारा कुठे म्हणून विचारलं, तर टपरीवाला म्हणाला, "भंडारा इथं कुठचं बाई? हे वरठी हाये. भंडाऱ्याले मोटर लागते." मग स्टेशनला भंडाऱ्याचं नाव कशाला दिलं? "आता ते सरकारले विचारा," असं म्हणून त्याने माझ्या चहात न विचारता आणखी एक चमचा साखर ढवळली. या प्रवासात माझ्या रागाची भवानी अशी स्टेशनवरच झाली.

मी निघाले होते शकुनकडे. अमरावतीला आम्ही दोघी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होतो आणि वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहत होतो. पुढे मी जळगावात शाळेला लागले. शकुनचं लग्न जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातल्या मनोहररावांशी झालं आणि तिचं शिकवणं राहूनच गेलं. दर सुट्टीत ये म्हणायची. अखेर त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गेले.

जवाहरनगर ही आखीव वसाहत आहे. सारखे क्वार्टर, सारखी कुंपणं, आणि कारखान्याच्या बसगाड्या माणसं भरून नेतात आणि भरून आणतात. शकुनचं घर मात्र त्या सगळ्या सारखेपणात वासाने ओळखू यायचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चिन्नोरचं पोतं होतं. चिन्नोर म्हणजे या भागातला सुगंधी तांदूळ. तो शिजायला लागला की शेजारच्या ओळीतल्या बायकांनाही कळतं. पोतं तिच्या वडिलांनी, म्हणजे बाबूजींनी, आपल्या शेतातून आणून दिलं होतं.

"मग तुझ्या हातचा हा भात खाऊन ते खूश झाले असतील," मी म्हटलं.

शकुन भाताकडे बघत म्हणाली, "ते माह्या घरचं पानी बी पीत नाहीत लता. पोतं आत ठेवतेत आन् बाहेर ओट्यावर बसतेत."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्नपाणी माहेरच्यांनी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. कन्या दान केली, मग तिच्या घरचं खाल्लं तर दिलेलं दानच परत खाल्ल्यासारखं होतं, असं बाबूजी मानायचे. आमच्याकडेही म्हाताऱ्या असं काहीबाही म्हणायच्या, पण चहापाण्यापर्यंत कोणी ताणत नसे. शकुनच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बाबूजी ओट्यावर कोरड्या घशाने बसून निघून गेले की कुंपणापलीकडच्या बायका आत काय ते समजायच्या. प्रत्येक वेळी नव्याने समजायच्या.

मला राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. मनोहरराव पायमोजे काढता काढता म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, जुने लोक हायेत." हे गृहस्थ इतके सज्जन होते की त्यांच्यावरही मला राग यायला लागला. असं जाऊ देऊन देऊन जगातली निम्मी दुःखं माणसांनी घरात मुक्कामाला ठेवली आहेत.

दुसऱ्या दिवशी शकुन मला माहेरी घेऊन गेली. आधी भंडारा, मग तुमसर, मग तिथून आंबागडच्या बाजूची एसटी. या शेवटच्या गाडीत मला खिडकी मिळाली, पण खिडकीला काच नव्हती, आणि कंडक्टरने ती माझी चूक असल्यासारखं "स्कार्फ नाही आनला का?" म्हणून विचारलं. तरीही बाहेर बघत राहावं असाच तो प्रदेश आहे. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये (बांध घातलेल्या शेतांमध्ये) नुसते खुंट उभे, त्यांच्या पायाशी लाखोरीच्या डाळीची हिरवी कोवळीक, आणि वळणावळणाला बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं. मागे किल्ल्याचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी शकुनचं गाव.

बाबूजी उंच, सावळे, मोजकं बोलणारे. माय, म्हणजे शकुनची आई, त्यांच्या उलट. तिने मला बसवलं, पाटावर ताट मांडलं, त्यात भात, बोडीतल्या झिंग्यांची (बारीक कोळंबीची) भाजी आणि लाखोरीच्या डाळीचे गरम वडे. मी नको नको म्हणत किती वडे खाल्ले ते इथे लिहीत नाही.

जेवण झाल्यावर मी जळगावची शेव काढून बाबूजींपुढे ठेवली. त्यांनी मूठ भरून घेतली आणि चवीने खाल्ली. शकुननेही आपल्या पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. रात्री जागून तिने तो केला होता. बाबूजींनी डब्याला हात लावून तो बाजूला सरकवला, शेजाऱ्यांना देऊन टाक म्हणाले, आणि पुन्हा शेवेकडे वळले.

"बाबूजी, माझी शेव चालते, आणि हिचा चिवडा नाही?" मी विचारलं.

"तू कायी माही लेक नाही पोरी," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "तुह्या हातचं खाल्लं तं का दोष हाये?"

परक्या पोरीला जो मान सहज मिळतो, तो पोटच्या पोरीला नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात शकुनने माझ्या पायाला चिमटा काढला. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

ती लगेच म्हणाली, "बाबूजी, लताले तुमाले हाटेलात जेवाले न्याचं हाये. भंडाऱ्याले. बाजारच्या दिवशी तुमी येतेच ना?"

मी असं काहीही म्हटलं नव्हतं. पण बाबूजी माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "पाव्हनीनं बोलावलं तं येऊ." मायने जन्मात हॉटेलात जेवण घेतलं नव्हतं. ती कोणतं लुगडं नेसायचं याच्या विचाराला लागली.

परतीच्या गाडीत शकुनने बेत सांगितला. हॉटेल काही तिचं घर नाही. तिथे बाबूजी जेवतील. भाज्या हॉटेलच्या घ्यायच्या, भात मात्र ती घरून रांधून नेणार आणि हळूच ताटात वाढणार. बाबूजींना वाटेल हॉटेलचाच आहे.

"एकडाव त्याइनं माह्या हातचं खाल्लेलं मले पाह्यचं हाये," ती म्हणाली. "मंग लेकरू होवो का न होवो."

खोटेपणा मला आवडत नाही. पण हे ऐकल्यावर नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

हॉटेलचं नाव मी मुद्दाम देत नाही, उगाच त्याची जाहिरात होईल. स्टॅंडजवळ आहे, पाच-सहा पायऱ्या चढून जावं लागतं. आत गेल्या गेल्या गल्ल्यावरच्या मालकाने मान वर न करता सांगितलं, "लेडीज लोक फॅमिली रूममंदी." फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा एक खोका आणि त्याला मळका पडदा. हॉलमध्ये पंखा फिरत होता, आमच्या खोक्यात पंखा नव्हता. बायका दिसल्या की त्यांना झाकून ठेवायचं आणि वर त्याला सोय म्हणायचं. मी बोलणार होते, पण आज आम्हाला तो पडदाच हवा होता.

आम्ही पाच जण दाटीवाटीने बसलो. मायने टेबलावर हात फिरवून पाहिला आणि तो लुगड्याला पुसला. वेटर ताटं ठेवून गेला. वाटीभर वरण, दोन भाज्या, चपात्या, आणि एका एवढ्याशा वाटीत दाबून बसवलेला जाड भात. धान पिकवणारी माणसं ती. भात हेच त्यांचं जेवण, बाकी सगळं तोंडी लावणं. बाबूजी वाटीकडे बघत राहिले. "हे नमुन्याले हाये का?" त्यांनी मनोहररावांना विचारलं.

"मागून येते बाबूजी," शकुन म्हणाली. तिने त्या वाट्या बाजूला केल्या. मी बाबूजींना भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून काहीतरी विचारलं, तेवढ्यात तिने टेबलाखाली फडक्यांत गुंडाळून आणलेला पितळी डबा उघडला आणि ताटांत भात वाढला. बाबूजी वळले तेव्हा ताटात वाफाळता ढीग होता.

"हाटेलात चिन्नोर देतेत?"

"मोठं हाटेल हाये बाबूजी."

"असन. व्यापारी आपल्याकडून नेतेत, ते इथंच येत असन." त्यांनी वरण ओतलं, घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरा. "रांधनारा जानकार हाये. मोकळा हाये, पन कच्चा नाही. तुह्या मायले बी असा जमत नाही." माय हसली. शकुनने खाली मान घातली होती आणि तिचे कान लाल झाले होते. वसतिगृहातही मी तिला इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

इथे आमची मोठी चूक झाली होती आणि ती आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. तांदळाच्या घरात वाढलेल्या माणसांना चिन्नोरच्या वासाचं काय ते अप्रूप? पण पडद्यावरून तो वास हॉलभर पसरला. बाहेरून आवाज आला, "हमको भी वो चावल दो." दुसऱ्या टेबलावरूनही तीच मागणी. वेटर गोंधळला आणि मालकाला घेऊन आला.

मालकाने खसकन पडदा ओढला. "हा कोनाच्या घरचा भात हाये? घरचा डबा आनून इथं काहून जेवून राहिले?"

बाबूजींचा हात ताटातच थांबला. "घरचा?" त्यांनी शकुनकडे पाहिलं.

"माह्या घरचा, बाबूजी. मीच रांधला."

त्यांनी हात मागे घेतला. शकुनचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. मी मालकाला म्हटलं, आम्ही तुमच्या भाज्या घेतल्या आहेत, तुमचा भात तुमच्या वाट्यांत तसाच पडला आहे, तुमचं नेमकं काय बिघडलं? पडदा आधी सोडा आणि नीट बोला. आणखीही बरंच म्हटलं. मनोहरराव "जाऊ द्या ताई" म्हणाले, त्यावर त्यांनाही सुनावलं. मालकाने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्याने वाकून डबा उचलला, बाबूजींचं ताट ओढलं आणि वेटरला म्हणाला, "हे घे, बाहेर गाईले टाक."

बाबूजींनी त्याचं मनगट धरलं.

"सोड," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण हॉलमधल्या माना वळल्या. "माह्या लेकीनं रांधला हाये. गाईले टाकाले नाही आनला."

मालकाने डबा सोडला. बाबूजी तो घेऊन बाहेर गेले आणि हॉटेलच्या खालच्या पायरीवर, भर रस्त्याकडे तोंड करून बसले. आम्ही मागोमाग. त्यांनी डब्याचं झाकण उलटं करून मांडीवर ठेवलं.

"शकुन, वाढ."

तिने इतक्या घाईने वाढलं की पहिला घास पायरीवरच सांडला. बाबूजींनी तो वेचून तोंडात टाकला. शेजारच्या पेरूवालीने न मागता कागदावर मीठ दिलं. मिठाबरोबर नुसता भात ते खात राहिले, आणि संपला की झाकण पुढे करत राहिले. माय पदर सावरून खालीच बसली. "मले बी वाढ. मी कईपासून म्हनत होती, पन माह्यं कोन आयकते?" मग मनोहरराव बसले, मी बसले. येणारे-जाणारे बघत होते, गल्ल्यावरून मालक बघत होता. बाबूजींनी डबा स्वतः बोटांनी पुसून घेतला.

स्टॅंडवर तुमसरची गाडी लागली तेव्हा मला राहवलं नाही. "बाबूजी, आता शकुनच्या घरी जेवाल ना?"

त्यांनी थोडा विचार केला. "घरी कसं? ते तं पायरीवर होतं," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

मी त्या गाडीमागे काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शकुन मात्र रिकामा डबा छातीशी धरून गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत होती.

जळगावला परतल्यावर सगळे विचारतात, भंडाऱ्याला काय पाहिलंस, हॉटेलं कशी आहेत तिकडची? हॉटेलाबद्दल मला काहीच चांगलं सांगता येत नाही. पंखा नाही, पडदा मळका, भात जाड आणि मालक उर्मट. पण शकुनची माया जे इतकी वर्षं करू शकली नाही, तिच्या बापाची माया जे करू धजली नाही, ते त्या माणसाच्या उर्मटपणाने दुपारच्या जेवणात करून टाकलं. त्याचे उपकार मानावे लागतात, याचाच मला अजून सगळ्यात जास्त संताप येतो.