साडूंचा न झोपणारा लॅपटॉप

आमच्या साडूंनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा धड चालली, असं सांगणारा माणूस उभ्या इचलकरंजीत सापडायचा नाही. त्यांनी खोललेला टेबलफॅन नंतर मागच्या भिंतीला वारा घालायचा. वर साडू म्हणायचे, “भिंतीला बी उकडतंय की!” माघार म्हणून ठाऊक नाही. साखर कारखान्यातनं हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, बी.ए. शिकलेले. मी चौथी. ह्याची आठवण ते मला आठवड्यातनं एकदा तरी करून द्यायचे. त्यांचं घर आणि माझी यंत्रमागांची शेड, मध्ये एकच भिंत. माझ्या बापानं दोन मागांवर धंदा मांडला, मी त्याचे आठ केले. “पावणं, भंगारात घाला ती धुडं,” साडू म्हणायचे. त्या दिवशी मी मुद्दाम आठच्या आठ माग चालू ठेवायचो.

अशात त्यांच्या पुण्याच्या लेकीनं आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. हात काढला की त्यानं थोड्या वेळानं पडदा काळा करून झोपायचं, असा त्याचा नेम. हा झोपेना. डोळा मिटला की लगेच उघडायचा. साडूंनी त्याच्या पोटातल्या सगळ्या सेटिंगा उलट्यापालट्या केल्या. गरम होत असेल म्हणून खाली दोन विटा दिल्या. मग त्याची दिशा बदलली. “उत्तरंला डोकं करून माणूस तरी झोपतोय काय?” शेवटी देवीचा अंगारा लावला, तेव्हा मेव्हणी म्हणाली, “आता मांडीवर घेऊन थोपटा!”

मला दुखणं पहिल्याच दिवशी कळलं होतं. टेबल भिंतीला चिकटून. माग चालले की भिंत थरथरायची, भिंतीबरोबर टेबल, आणि टेबलावरचा तो लाल दिव्याचा माऊस. पडद्यावरचा बाण केसभर हलायचा आणि लॅपटॉप जागा. चाळीस वर्षं मी मागाचा ढिला नट नुसत्या तळव्यानं ओळखलाय. म्हटलं, “पावणं, टेबल जरा...” तर म्हणाले, “तुम्ही मागाचं बघा. ह्यात चौथीचं काम न्हाय.” मी तोंड मिटलं, ते वर्षभर मिटलं.

पुढं सूत महागलं, कामगार गेले. पोरगा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला लागला. चुलत्यांनी कधीच शेड मोडली होती, मी मात्र हट्टानं दोन वर्षं जास्त ओढली. शेवटी भंगारवाला आला आणि त्यानं दारातच घण घालून आठही माग फोडले. बापाचे दोन त्यातच. साडू शेजारी उभे होते. “मी म्हणत हुतो” एवढे शब्दसुद्धा त्यांनी काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांची हाक आली. “पावणं, या की! आजून झोपत न्हाय बघा ह्यो. तुमास्नी काय सुचतंय?”

दारातच मेव्हणी हळू आवाजात म्हणाली, “दाजी, तुमचं माग थांबलं आणि काल ह्यो आपसूक झोपला की.”

आत गेलो. लॅपटॉप टक्क जागा. मी तळवा टेबलावर ठेवला. भिंत मुकी, आणि टेबल थरथरत होतं. खाली बघितलं. साडूंचा गुडघा टेबलाच्या पायाला लागून हलत होता. नजर पडद्यावर, चेहरा हेडक्लार्कचा.

“मागांची थरथर हाय ही,” मी म्हणालो.

“तरीच!” साडू म्हणाले. “मग काय करायचं?”

“उद्या बघू.”

तेव्हापासनं मी रोज चारला जातो. चहा होतो, भांडण होतं. आणि वाताच्या दुखण्यानं जिना चढता येत नाही असा तो माणूस, मी उठेपर्यंत आठ मागांचं काम एका गुडघ्यावर ओढतो.