कोंडूच्या पिशव्यांवरचं अक्षर

टोकावड्यापलीकडच्या भाताच्या संशोधन केंद्रावर कोंडू अकरा वर्षं होता. खिशाला कायम पेन आणि चाल अशी, की नवा माणूस त्यालाच साहेब समजून नमस्कार घाली. तो नमस्कार हा घेई, परत करत नसे.

आता हे तुमच्यापाशीच ठेवा, पण त्या पेनातून कधी एक आकडा उतरला नव्हता. कोंडूला लिहिता-वाचता येत नव्हतं. हात मात्र देखणा. भाताचं इवलंसं फूल चिमट्याने उघडायचं आणि दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर झटकायचा, ते त्यानेच. मग लोंबीला कागदी पिशवी घालायची. पराग कोणत्या ओळीचा, म्हणजे बियाचा बाप कोण, ते तिच्यावर लिहायला शेजारी त्याची जोडीदारीण, मजूर काशी.

"ह्याचा बाप कोन, भाऊ?" ती मुद्दाम मोठ्याने विचारी.

"सातव्या ओळीचा. लिव गो गपचूप!"

गेल्या वर्षी संदेश सर गटप्रमुख म्हणून आले. भिंतीवर फळा लागला, कोणाच्या दिवसाला किती पिशव्या. एका पिशवीला दोन माणसं कशाला, म्हणून जोड्या मोडल्या.

"एकट्याने जमेल ना, कोंडूभाऊ?"

"जमंल की!" सगळ्यांदेखत दुसरं काय बोलणार?

काशी म्हणाली, "सांगून टाक ना सरांना."

"गेटाबाहेर काढतील मना. तुला माझी आन हाय, बोलू नको."

मग चोरून तोड निघाली. दिवसभर कोंडू कोऱ्या पिशव्या घाली, सुट्टी होताना आठवून बाप सांगी, काशी लिही. वीस पिशव्या होत्या तोवर डोक्यात मावलं. फळ्यावर नाव वर चढलं तशा चाळीस झाल्या. आठवेना, तरी हा ठोकून सांगत राही.

यंदा ते बी पेरलं आणि ओळीत भलतंच भात उभं राहिलं. नऊ वर्षांची पैदास मातीत. सर गेल्या वर्षीच्या पिशव्या घेऊनच आले.

"अक्षर कोणाचं?"

"माझं," काशी म्हणाली.

"कोंडूभाऊंच्या पिशव्यांना तू हात का लावलास? त्यांचं नाव फळ्यावर वर होतं म्हणून?"

काशीने कोंडूकडे पाहिलं. चांगला वेळ देऊन पाहिलं. कोंडू बांधावरची माती पायाने उकरत राहिला. काशीला त्याच दिवशी घरी बसवलं.

आणि हा बाबा संध्याकाळी तिच्या दारात. हातात चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या, ओळीने लावलेल्या. आता दर पिशवीचा बाप ज्याने त्याने आपल्या हाताने चिठ्ठीवर लिहून द्यायचा, असा सरांचा नवा हुकूम होता.

"काशे, आजच्या तेवढ्या लिवून दे गो."

तिने चिठ्ठ्या घेतल्या, एकेक उलटून पाहिली, आणि तशाच कोऱ्या त्याच्या हातात ठेवल्या.

"नको, भाऊ. अक्षर माझंच निघंल."

दार लागलं. सकाळी आठला सर चिठ्ठ्या मागणार होते.