धर्मशाळेच्या दारावरची ओळ

जुन्या इमारती दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. इमारतीवर जीव जडू द्यायचा नाही, एवढं एक पथ्य मी पाळते. इतवारीतल्या त्या धर्मशाळेत पूर्वी बाहेरगावचे व्यापारी आणि गाडीवान उतरत. आता तिथे शिकायला येणाऱ्या मुलींचं वसतिगृह करायचं होतं.

या धर्मशाळेबद्दल मी लहानपणापासून ऐकून होते. बाबा आजोबांबरोबर संत्र्यांच्या बैलगाडीवर नागपूरला येत, तेव्हा ती कायम भरलेली असे, म्हणून बापलेक बाहेर गाडीखाली झोपत. बाबा हे इतकं रंगवून सांगत की आम्हा भावंडांना त्यांचा हेवा वाटायचा. पुढे दोघांनी धम्मदीक्षा घेतली, तरी गोष्ट तीच राहिली.

दारावरचे चुन्याचे थर खरवडले आणि खालचा शिलालेख उघडा पडला. दात्याचं नाव, आणि त्याखाली एक ओळ: अस्पृश्यांस आत उतरण्यास मनाई आहे. मला धक्काबिक्का बसला नाही. अशा ओळी कामात भेटतात. फक्त आजोबांनी मुलापासून काय लपवलं होतं, ते कळलं.

ट्रस्टचे अध्यक्ष दात्याचेच पणतू. ते ओशाळले.

"काहून उकरून राहिल्या, मॅडम? चुना मारून टाका ना."

मी त्यांना चांगलंच सुनावलं. इतिहास आपल्या सोयीपुरता जपता येत नाही, वगैरे.

त्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "मलेबी दाखव ना तुही धर्मशाळा. उद्या येतो."

ऐंशी पार केलेल्या माणसाची एक गोड आठवण हिसकावून घ्यायची? सकाळी जाऊन मी गवंड्याला चुना कालवायला सांगितलं. अध्यक्षांसमोर केलेलं भाषण आठवून स्वतःचीच लाज वाटली, पण सांगितलं. चुना कालवून होण्याआधीच बाबा ऑटोतून उतरले. दारासमोर थांबले, चष्मा सारखा केला, ओळ वाचली.

"बाबा, हे इतके दिवस झाकलेलं होतं," मी कशीबशी म्हणाले.

"तवा उघडंच होतं," बाबा म्हणाले. "मी दुसरीत होतो. वाचता येत होतं मले. बाप म्हणे, जागा नाही गा आत. मंग मीबी म्हटलं, हो, लय गर्दी दिसून राहिली."