त्साम आजींच्या वाडग्यातली तंगडी

माणूस जेवताना खरा कळतो म्हणतात. त्साम क्वोक-हिंग मला तसा पुरता कळला, आणि मळमळायला लागलं.

फॅनलिंगच्या स्टेशनामागे आमचं भाजलेल्या मांसाचं दुकान आहे. काचेत बदकं टांगलेली, आत नऊ टेबलं. रविवारी दुपारी अनोळखी माणसांनाही एकाच टेबलावर बसवावं लागतं. नवरा गेल्यापासून मी तिथे ताटं पोचवते आणि टेबलं पुसते, त्यामुळे लोकांची तोंडं मला फार जवळून बघावी लागतात.

हा त्साम दर रविवारी आईला चाकांच्या खुर्चीत घेऊन यायचा. पूर्वी लग्नाच्या हॉलचा व्यवस्थापक होता, चारचौघांत कसं दिसायचं हे त्याला पक्कं ठाऊक. दारातूनच ओरडायचा, "कुनताई, बदकाची तंगडी आण! डावी हं! आईसाठी आहे!"

डावी तंगडी मऊ असते असा आमच्या लोकांचा समज. ताट आलं की तो जेवायच्या काड्यांनी ती तंगडी उचलायचा, सगळ्यांना दिसेल इतकी वर धरायचा आणि आईच्या भातावर ठेवायचा. आमच्यात पहिला चांगला घास वडीलधाऱ्यांच्या वाडग्यात घालतात, त्यामुळे आजूबाजूच्या माना लगेच डोलायच्या. एकदा टेबलावरची बाई मला म्हणाली, "नशीब लागतं हो असा मुलगा मिळायला! आमच्या ध्यानापेक्षा मी भाजलेल्या डुकराचा तुकडा जन्माला घातला असता, तर निदान भाताबरोबर खाता तरी आला असता."

मी हसले. काय करणार, गिऱ्हाईक होतं.

लोक आपापल्या ताटाकडे वळले की खरं जेवण सुरू व्हायचं. "आई, तुला चावणार नाही गं," असं पुटपुटत हा तीच तंगडी आईच्या वाडग्यातून परत उचलायचा. मग जे चालायचं ते बघवत नसे. हाडाचं टोक तोंडात घालून चुर्र करून रस ओढायचा. तेल हनुवटीवरून गळ्यापर्यंत जायचं, ते तळव्याने पुसून तोच तळवा आईच्या खुर्चीला घासायचा. करंगळीचं नख वाढवलेलं, त्याने दातातलं काढायचा, निरखून बघायचा आणि पुन्हा तोंडात टाकायचा. चघळलेली हाडं थेट आईच्या वाडग्याशेजारी थुंकायचा. म्हातारी आपली रश्शाने ओला केलेला भात चमच्याने गिळत बसायची. ते टेबल पुसताना मी श्वास रोखून धरायची. मालक यिमशेठ म्हणायचे, "तुझं नाक फार वर आहे बाई." असू दे. घाण ती घाण.

त्साम आजी बोलायच्या नाहीत. एका रविवारी मात्र मी हाडं गोळा करत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. मुलगा बेसिनवर चुळा भरत होता. त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, तंगडी खरंच इतकी मऊ असते का गं?"

"आजी, तुम्ही खात का नाही?"

"कधी खाल्लीच नाही. लहानपणी बदकं मी राखायची, तंगडी भावांना जायची. मग नवऱ्याला. मग ह्याला." एवढं बोलून हात सोडला. मुलगा येत होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जाईना. एक तंगडी! आमच्या दुकानात रोज इतकी बदकं कापली जातात, आणि ही बाई एका तंगडीसाठी म्हातारी झाली.

गेल्या रविवारी त्सामने नेहमीसारखी तंगडी मिरवून आईच्या वाडग्यात ठेवली आणि तेवढ्यात घड्याळाकडे बघून उठला. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायची वेळ टळत होती. "आई, हात लावू नकोस, गरम आहे. आलोच," असं सांगून तो रस्त्यापलीकडच्या पैजेच्या खिडकीकडे धावला.

मी हातातली ताटं तशीच ठेवली आणि आजींशेजारी बसले. आमची मांस कापायची कात्री घेऊन सगळं मांस हाडावरून सोडवलं, बारीक केलं, रश्शात बुडवलं. "आजी, तोंड उघडा. पटकन."

चावत नाही म्हणे! अहो, हिरड्यांनी काय खाल्लं त्या बाईने! डोळे मिटून, गाल हलवत, एकेका घासाला घशातून बारीक आवाज काढत. रस ओठांवरून ओघळला तर तोही जिभेने टिपला. दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघून मला असं बरं वाटल्याचं आठवत नाही. शेवटचा घास गेला तशी मी हाड वाडग्यात ठेवलं.

त्साम परत आला. वाडग्यातलं उघडं हाड बघून त्याचा चेहरा पडला. मग लाल झाला. "आई, हे काय? तंगडी कुठाय?"

आजींनी माझ्याकडे बोट केलं. "हिने खाल्ली."

सगळं दुकान वळून बघायला लागलं. यिमशेठ सुरा हातात घेऊनच गल्ल्यापाशी आले. म्हातारी इतकी खोटारडी असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. खरं काय ते तोंडावर फेकावं म्हणून मी वळले, तर टेबलाखाली त्यांचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकलेले दिसले. मुलाच्या हाताकडे बघून त्या खांदे आखडून बसल्या होत्या. चारचौघांत तंगडी मिरवणारा हा माणूस घरी दार लावल्यावर काय करत असेल, ते मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

त्यांच्या ओठांवर अजून तेल चमकत होतं. मी पुढे झाले, टेबल पुसल्यासारखं करत त्यांचं तोंड माझ्या एप्रनने पुसून काढलं.

"हो, मीच खाल्ली," मी म्हटलं. "भूक लागली होती."

"म्हातारीच्या वाडग्यातलं?" त्साम किंचाळला. "शी! किळस येते तुझी!"

साऱ्या दुकानाने त्याच्या बाजूने माना डोलावल्या.