नॉबवरचं शून्य
गिरणीत घासलेल्या पट्ट्याचा करपट वास आला की मला मिरजेतली ती पत्र्याची शेड आठवते. सत्तर सालानंतरची गोष्ट. मोटरचा वेग कमीजास्त करणारं थायरिस्टरचं पॅनल मी पहिल्यांदाच जुळवलं होतं. नॉबभोवती फायरिंग अँगलचे, म्हणजे थायरिस्टर केव्हा वीज सोडेल त्याचे, आकडे ऐटीत रंगवले होते, शून्य ते एकशेऐंशी अंश, अगदी पुस्तकातल्यासारखे. चाचणीला शेडमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी नॉब शून्यावर नेला आणि मग खटका दाबला. मोटर एकदम पूर्ण वेगाने सुटली, पट्टा निसटला आणि त्यांची टोपी उडवून भिंतीवर आदळला. त्यांनी शांतपणे खटका बंद केला. "सायब, शून्य म्हंजे बंद न्हाई व्हय?" मी चाचरत म्हणालो, "हे शून्य वेगाचं नाही, उशिराचं आहे. थायरिस्टर जितक्या उशिरा वीज सोडेल, तितकी मोटर हळू. उशीर शून्य, म्हणजे पूर्ण वीज." "आसं हाय व्हय," म्हणत त्यांनी टोपी उचलून झटकली. आज माझ्या पॅनलवर आकडे नसतात, नुसतं 'बंद', 'हळू', 'जोरात' लिहिलेलं असतं. मिस्त्री मात्र त्यानंतरही रोज तीच पांढरी टोपी घालून यायचे, पट्ट्याचा काळा ओरखडा धुऊनही न गेलेली.