नातीच्या दोन खुर्च्या

कोणतीही वस्तू हातात आली की अप्पा आधी ती बोटाच्या पेराने वाजवत. पातेलं, परात, तांब्या यांचं ठीक. तो त्यांचा धंदाच होता. पण कलिंगड, नवं दार, माझा मोबाइल, एकदा तर दवाखान्यातलं डॉक्टरांचं टेबलसुद्धा त्यांनी वाजवून पाहिलं. आवाज मनासारखा आला की मान एकदा खाली जाई. नाही आला की म्हणत, "ह्यात कायतरी घोळ हाय."

बीडच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि आमच्या घराला लागून घर. डोक्यावर टोपी, कपाळाला विभूती, अंगात पांढरा शर्ट आणि कॉलरवर रुमाल, म्हणजे तांब्याच्या भांड्यांचे डाग लागू नयेत. मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम करतो. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट मला ठाऊक असलीच पाहिजे, अशी त्यांची समजूत होती.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. स्वतःच्या धंद्यात एका टिचकीत निर्णय घेतात आणि धंद्याबाहेर गेली की रस्ता चुकतात. अप्पांना मी सर्वांत जास्त गोंधळलेलं पाहिलं ते नातीच्या दोन खुर्च्यांपायी. एक गाडीतली, दुसरी जेवणाची.

त्यांची मुलगी रेणुका हैदराबादला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं; पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं आणि ते तिकडेच झालं. बारसंही तिकडेच. अप्पा दोन दिवस जाऊन आले. काकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, पायाला प्लास्टर होतं. त्यांनी नात फक्त फोनवर पाहिली. नऊ महिने उलटले तेव्हा ठरलं, की रेणुकाने बाळाला घेऊन महिनाभर राहायला यायचं आणि जावळ परळीला वैजनाथाच्या दारात काढायचं. जावईबापूंना रजा नव्हती. ती रेल्वेने परळीला उतरणार आणि अप्पा त्यांच्या जुन्या छोट्या गाडीतून तिला बीडला आणणार.

तिने एकच अट घातली. तो फोन माझ्यासमोर झाला.

"अप्पा, गाडीत बाळाची सीट पाहिजे. मांडीवर घेऊन मी बसणार नाही आणि कुणाला बसू देणार नाही."

"अगं, तुला मी लुनावर पुढं उभी करून नेकनूरला नेलंय."

"म्हणूनच सांगतेय."

"पडलीस का कधी?"

"नाही पडले, ते नशीब. सीट नसली तर मी येत नाही. जावळ इकडे काढू."

अप्पांनी फोन खिशात टाकला आणि स्वतःच्या मांडीवर एक थाप मारली. "ही मांडी आता घोळाची झाली बघा."

काकू दारात उभ्या होत्या. "न्हाई येत म्हणाली का?" एवढंच त्यांनी विचारलं. अप्पांनी चपला घातल्या आणि आम्ही बाजारात गेलो.

लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात सीट नव्हती, पण खुर्च्या होत्या. दुसरीही लागणारच होती. नात आता वरण-भात खायला शिकली होती आणि जेवताना बसवायला खुर्ची हवी, असं रेणुका मागेच बोलून गेली होती. अप्पांनी चारही खुर्च्या वाजवल्या. प्लॅस्टिकचा आवाज सगळीकडे सारखाच बद्द. तेव्हा त्यांनी उंची पाहिली आणि सर्वांत उंच ती घेतली. दुकानदार म्हणाला, "अप्पा, मोठ्या लोकांची पसंत हाय ही."

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात मांडली. त्यांच्या घरात सगळे जमिनीवर पाट घेऊन जेवतात. काकू पाटावर बसल्या आणि वर बघू लागल्या. "अवो, घास कसा द्यायचा? शिडी आणा."

अप्पा खाली बसले, वर पाहिलं, उठले, पुन्हा बसले. "ही तर सरपंचासारखी वर बसणार अन् आपण खाली सतरंजीवर." मग सुताराकडून पाय कापून घेऊ म्हणाले. पाय कापले तर खुर्ची कलंडेल, हे मी सांगितलं. मग घरी जाऊन वाचलं, तेही सांगितलं: बूड रुंद असावं, दोन पायांच्या मधून येणारा पट्टा असावा म्हणजे मूल खाली सरकत नाही, पुढची ताट ठेवायची फळी निघावी म्हणजे धुता येते.

"मग उंचीचं काय लिवलंय?"

"जेवायच्या टेबलाएवढी."

"टेबल कुणाकडं हाय?"

याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी पाय निघतील आणि बैठक जमिनीलगत बसेल अशी खुर्ची मिळाली. उंच खुर्ची दुकानदाराने कुरकुर करत परत घेतली.

गाडीतल्या सीटचं एवढ्यावर भागलं नाही. माजलगावला अप्पांचे साडू राहतात. त्यांच्या मुलाकडे सीट पडून आहे, असं कळलं. अप्पा सकाळी गेले आणि दुपारी ती घेऊन माझ्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. चेहरा उजळलेला.

"बघा, कसली मजबूत! ह्यांची गाडी उसाच्या ट्रॉलीवर गेलती. गाडी भंगारात गेली, पण सीटला वरखडाबी न्हाई."

"बाळ होतं का आत?"

"न्हाई हो, रिकामी होती. पण आगीतून निघालेलं भांडं ते. पारखलेला माल."

मी रेणुकाला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरायची नसते. तडा आतून जातो, बाहेरून दिसत नाही. शिवाय सीटच्या बुडाशी वापरण्याची मुदत छापलेली असते, ती बघा. मी सीट उलटी केली. मुदत संपली होती.

अप्पा ऑफिसच्या बाकावर बसले. "जे वाचलं तेच मोडकं? अन् प्लॅस्टिकला मुदत? दूध हाय का ते?" त्यांनी सीट वाजवली. कान जवळ नेला, पुन्हा वाजवली. मग तिथेच ठेवून गेले. ती आमच्या शिपायाने कापून भंगारात दिली, म्हणजे पुन्हा कुणी वापरू नये.

मग रेणुका म्हणाली, सीट मीच निवडून मागवते, फक्त गाडीत काय आहे ते सांगा. मागच्या बैठकीच्या फटीत लोखंडी कड्या आहेत का? नव्या गाड्यांत असतात, त्यात सीट अडकते. अप्पांनी बाही वर करून फटीत कोपरापर्यंत हात घातला. फोन मी धरला होता.

"कड्या न्हाईत. शेंगा हायत. अन् दुकानाच्या कुलपाची किल्ली सापडली, जी तुझ्या आईनं हरवली म्हणून मी वर्षभर बोलतोय."

"मला बोलताय," मागून काकू म्हणाल्या.

कड्या नसल्यामुळे गाडीच्या पट्ट्यानेच बांधता येणारी सीट आली. तिच्यासोबत आलेली चित्रं आम्ही दोघांनी समोर पसरली. सीट मागच्या बाकावर बसवायची, पुढे नाही. आणि बाळाचं तोंड मागे, डिक्कीकडे.

हे मात्र अप्पांना पटेना. "पाव्हणी घरी आणायची अन् तोंड उलटं? लोक म्हणतील रुसून चालली."

मी वाचून दाखवलं. या वयात मान कच्ची असते. समोर तोंड असताना जोराचा ब्रेक लागला तर मान पुढे झटकते. उलटं बसवलं तर धक्का सगळ्या पाठीवर पसरतो.

"पण मग तिला दिसणार काय?"

हाही प्रश्न रास्त होता.

सीट बसवून पाहायला आम्ही नेकनूरच्या रस्त्याला निघालो. मी पुढे, काकू मागे सीटच्या बाजूला. निघताना काकूंनी गाडी थांबवली. रिकामा पाळणा हलवू नये, ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. ही सीटही पाळणाच, असं त्यांचं म्हणणं. त्या आत गेल्या आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आल्या. त्याला स्वतः शिवलेली कुंची गुंडाळली होती. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, गोप्या म्हणून. नातीचं बारसं काकूंच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांनी वरवंटा सीटमध्ये ठेवला, पट्टे लावले आणि म्हणाल्या, "चला आता."

रस्ता मोकळा होता. गाडी सायकलला मागे टाकेल एवढ्याच वेगात होती. अप्पांनी मागच्या आरशात पाहिलं आणि एकदम ब्रेक दाबला. वरवंटा जागचा हलला नाही.

"आता तू घे मांडीवर," अप्पा काकूंना म्हणाले. "घट्ट धर. नातच हाय समज. बघू काय फरक पडतोय."

त्यांना मांडीची बाजू सिद्ध करायची होती, हे मला तेव्हा कळलं. काकूंनी पट्टा लावला होता. त्यांनी वरवंटा दोन्ही हातांनी छातीशी धरला. तो नातीपेक्षा वजनाने हलकाच होता. अप्पांनी तेवढ्याच वेगात पुन्हा ब्रेक दाबला.

माझ्या पाठीला बैठकीतून धक्का बसला. वरवंटा माझ्या सीटवर आदळून खाली पडला होता. मी वळून पाहिलं तेव्हा काकूंचे हात तसेच पुढे आलेले होते.

"मी सोडला न्हाई," त्या म्हणाल्या. "मी घट्ट धरला होता. सोडला न्हाई मी."

"न्हाई सोडलास," अप्पा म्हणाले. ते उतरले, मागचं दार उघडलं, वरवंटा उचलला, कुंचीवरची माती झटकली आणि तो परत सीटमध्ये ठेवून पट्टे लावले. परतीच्या वाटेवर रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं.

"लुनावर काय झालं असतं हो?"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

रेणुका आली त्या दिवशी मला परळीत काम होतं. परतीला मी त्यांच्यासोबत आलो. स्टेशनबाहेर काकूंनी नात घेतली आणि बराच वेळ कुणाला दिली नाही. तोवर रेणुकाने सीट दोन्ही हातांनी धरून हलवली. "अप्पा, हलतेय ही."

"कशी काय? मी तर ताणून बांधलंय."

"गुडघा टेकवा, अंगाचा भार द्या आणि मग पट्टा ओढा."

अप्पांनी स्टेशनासमोर सगळ्या जगादेखत गाडीत गुडघा टेकवला. टोपी पडली. रिक्षावाले बघायला जमले. एक म्हणाला, "अप्पा, पैलवान हाय का कोण आत?" सीट हलायची थांबली. मग काकूंनी घातलेला जाड स्वेटर रेणुकाने काढला. त्याच्यावरून पट्टा नीट बसत नाही म्हणाली. तिने बाळाला स्वतः बसवलं. अप्पा मदतीला वाकले तर तिने त्यांचा हात बाजूला केला. "राहू द्या अप्पा. हे मीच करणार." ती मागेच बसली, एक हात सीटवर ठेवून. अप्पांनी हात मागे घेतला आणि पुसण्यासारखं काही नसताना रुमालाला पुसला.

परळीचं औष्णिक वीजकेंद्र मागे पडलं आणि बाळ रडायला लागलं. खुळखुळा झाला, गाणं झालं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे राखेचा डंपर. काकूंचे हात आपोआप पुढे गेले. रेणुकाचा चेहरा उतरला होता; रात्रभर रेल्वेत झोप नव्हती.

"अप्पा, पाच मिनिटं घेऊ का हिला? हळू चालवा तुम्ही."

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"खूप रडतेय हो."

"रडू दे. गाडी चालू असताना न्हाई. मी थांबतो."

त्यांनी गाडी रस्त्याच्या पार खाली, बाभळीखाली घेतली. उतरून हात पुढे केले आणि या वेळी रेणुकाने बाळ त्यांच्याकडे दिलं. राखेने बाभळीची पानंसुद्धा करडी झाली होती. अप्पा नातीचं डोकं रुमालाने झाकून फेऱ्या मारत राहिले. ती शांत झाली, बसवली, निघालो. पुढच्या गावाशी पुन्हा रडली, पुन्हा थांबलो. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. अंधार पडायच्या आत बीडला पोहोचलो, एवढं खरं.

जावळ झालं. जेवणाच्या खुर्चीत नात बसली, अप्पा पाटावर तिच्यासमोर. दोघांची तोंडं एका पातळीवर. भात निम्मा अप्पांच्या शर्टावर जाई. महिना कधी गेला ते कुणालाच कळलं नाही.

अप्पा आता नाहीत. त्यानंतरच्या हिवाळ्यात, दुकानात गिऱ्हाईक असतानाच ते गेले. दुकान पुतण्या चालवतो. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला रेणुका परत जायला निघाली ती सकाळ आठवते.

गाडी दारात होती. रेणुका बाळाला घेऊन बाहेर आली आणि तिने ते अप्पांच्या हातात दिलं. अप्पांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "मी बसवू?"

"हो. कोण बसवणार मग?"

अप्पा वाकले. एकेक पट्टा लावला, खांद्याशी चिमटीत धरून पाहिला, सैल वाटला तो पुन्हा ओढला. फार वेळ लागला. काकू शेजारी बसल्या. रेणुका तपासायला मागे आली नाही. ती पुढे जाऊन बसली, आपला पट्टा लावला आणि अप्पांनी गाडी सुरू केली तेव्हा ती समोर रस्त्याकडे बघत होती.