साळवे मॅडमशिवाय अडतं

काउंटरपुढे टी.वाय.ची मुलं खोळंबली होती आणि आमचा डिजिटल संग्रह उघडत नव्हता. डिजिटल संग्रह म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका, प्रोजेक्ट वगैरे स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवलेलं कपाट. लाईट जाऊन आली की त्याचा सर्व्हर नव्याने चालू करावा लागतो. ते काम फक्त साळवे मॅडमना यायचं, आणि त्या रजेवर होत्या.

"सर, उद्या पेपर हाय. सकाळपास्नं उभ्या हाय आमी," एक मुलगी म्हणाली.

मी ग्रंथपाल, मॅडम माझ्या सहायक. फोन लावला तर मागे हॉस्पिटलचा गलबला. त्यांच्या मिस्टरांचं डायलिसिस चालू होतं. तशातही मॅडमनी फोनवर कसंबसं काम करून घेतलं. मात्र मी पुढच्या वेळेसाठी नीट विचारायला लागलो, तेव्हा "ते मी आल्यावर बघते" म्हणून फोन ठेवला. मला राग आला. संस्थेच्या प्रत्येक ट्रेनिंगला आम्ही त्यांनाच पाठवत होतो, आणि परतल्यावर त्या कोणाला ताकास तूर लागू देत नसत.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून कारण विचारलं. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही.

"सर, उन्हाळ्यात बदल्यांची यादी निघते. दर वेळी प्राचार्य वर सांगतात, मॅडमशिवाय अडतं. म्हणून मी इथे केडगावात राहून नोकरी करू शकते. सगळ्यांना शिकवलं आणि मला संस्थेच्या कर्जतच्या कॉलेजला टाकलं, तर ह्यांना दवाखान्यात कोण नेणार?"

माझा राग तिथेच विरला. 'संस्थात्मक अध्ययन', म्हणजे एकाला येणारं काम अख्ख्या विभागाला येणं, यावर मी चर्चासत्रांत भरपूर भाषणं ऐकली आहेत. चहा चांगला असतो. बदलीचं नाव मात्र कोणी वक्ता काढत नाही.

मी प्राचार्यांना गाठलं. मॅडम शिकवतील, पण त्यांना हलवायचं नाही, असं स्पष्ट मागितलं. त्यांनी आढेवेढे घेतले, शेवटी संस्थेच्या ऑफिसला माझ्यासमोर फोन करून शब्द घेतला. मग दर शनिवारी आम्ही खुर्च्या बदलायला लागलो. काउंटरवरचे सर्व्हरला, मी काउंटरला, आणि मॅडम मागे उभ्या राहून फक्त सांगणार, माऊसला हात लावणार नाहीत. त्यांना ते फार जड गेलं. आम्हालाही, कारण त्या कडक मास्तरीण निघाल्या.

पुढच्या परीक्षेत मिस्टरांना अचानक ॲडमिट करावं लागलं. त्या परत आल्या तेव्हा मुलं निवांत प्रश्नपत्रिका उतरवून घेत होती.

"एकाचाही फोन आला नाही, सर," त्या म्हणाल्या. "आधी बरं वाटलं. मग भीती वाटली."

यादी आली. मॅडमचं नाव नव्हतं. माझं होतं, कर्जतला.

प्राचार्यांनी समजूत घातली, "तिथलं ग्रंथालय पार विस्कटलंय. संस्था म्हणते, तुमचं इथलं आता तुमच्याशिवाय चालतं."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण प्राचार्य म्हणाले ते खरं होतं, आणि ते खरं करायला मीच झटलो होतो. विभाग शिकवून तयार करावा, जरूर करावा. फक्त शब्द घेताना आपलंही नाव त्यात घालून घ्यावं.